पदवीला जोड मायनरची



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषयाला, म्हणजे मेजरला, एका दुय्यम विषयाची जोड द्यावी लागते आणि त्यालाच मायनर म्हणतात.

महाराष्ट्राच्या रचनेत मायनरला १८ ते २० श्रेयांक आहेत. श्रेयांक हे अभ्यासाचे माप असून, वर्गातील साधारण १५ तासांमागे एक श्रेयांक धरला जातो.

निवडताना पाहावे ते एवढेच, की मुख्य विषय जिथे अपुरा पडतो, तिथे मायनर कामी येतो का.

नवी मुंबईतील करावे गावाचेच पाहा.

तेथे टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेलगतच्या पाणथळीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा पक्षी ओळखता येतो, वाकडी चोच पाण्यात उलटी धरून तो शेवाळ कसे गाळून घेतो, हेही सांगता येते. परंतु पक्ष्यांची संख्या खरोखर घटली की मोजणीच चुकली, हे ठरवायला संख्याशास्त्र लागते,

आणि भरतीचे पाणी अडल्याने पाणथळ कुठवर आटली, हे नकाशावर दाखवायला भूगोल लागतो.

मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला विषय इथे क्वचितच उपयोगी पडतो.

पुन्हा सांगायचे, तर मुख्य विषयाची उणीव भरून काढणारा मायनर घ्यावा.

मात्र प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषय शिकवला जात नाही, त्यामुळे प्रवेशाआधीच तेथील मायनरची यादी आणि त्यासाठीची पात्रता विचारून घेणे बरे.