विहाराचे कुलूप
(विहाराच्या २५ व्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नाही. गिरणीत पाळ्या करता करता जे हाती लागले ते वाचत शिकलो. तेव्हा चूकभूल पदरात घ्या. वर्धापनदिनी कौतुक करायची रीत आहे. ते आधीच्या वक्त्यांनी भरपूर केले. आम्ही आज आमच्याच एका चुकीबद्दल बोलणार आहोत.

हा विहार वर्गणीतून उभा राहिला. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, तरी कुणी फंडातले पैसे दिले, कुणी चार घरची धुणीभांडी करून दिले. लादी बसली, बुद्धमूर्ती आली, लोखंडी दरवाजा लागला. आणि दरवाजाबरोबर कुलूप आले. पंखे चोरीला जातील, पोरे धिंगाणा घालतील, म्हणून आम्हीच ते लावले. रविवारची वंदना, पौर्णिमा, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, एवढे सोडले तर विहार बंद. चावी आमच्या घरच्या खिळ्याला.

तेव्हा आमची गिरणी चालू होती. एकदा दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराच्या सुमारास येत होतो. पाहतो तर विहाराच्या पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली, बारावीची एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली. शेजारी सोबतीला तिची आई पेंगत होती. आम्ही विचारले, "पोरी, एवढ्या रात्री बाहेर का?" ती म्हणाली, "काका, घरात सात माणसं. आजोबांना उजेड सहन होत नाही. बाबासाहेबांना अभ्यासाला बाग तरी होती. आम्हाला विहार आहे, पण त्याला कुलूप."

मित्रहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पोरगी खोटे बोलली नव्हती. बाबासाहेब आपल्या याच परळच्या चाळीत वाढले. घरात जागा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींचे या मुलाकडे लक्ष गेले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. नीट विचार करा. एक वडीलधारा माणूस आणि एक शाळकरी पोर उघड्या जागेत भेटले. बागेला त्या दिवशी कुलूप असते तर?

पुढे २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्दिष्टांत काय होते? वसतिगृहे, वाचनालये, सामाजिक केंद्रे, अभ्यासवर्ग. ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरूही झाले. म्हणजे समाजाला एकत्र बसायला, शिकायला जागा पाहिजे, हे त्यांनी धर्मांतराच्या ३२ वर्षे आधी ओळखले होते. आणि आम्ही आयती जागा बंद करून बसलो होतो!

दुसऱ्याच रविवारी आम्ही बैठकीत विषय काढला. वाद झाला, खोटे कशाला सांगू? ज्येष्ठ म्हणाले, विहाराचे पावित्र्य जाईल. तरुण म्हणाले, बंद जागेचे कसले पावित्र्य? शेवटी एका आजीने निकाल लावला. ती म्हणाली, "विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा ना? मग राहत्या घराला कुणी वर्षभर कुलूप लावतं काय?" सगळे गप्प झाले.

तेव्हापासून दिवस वाटून घेतला. सकाळी वंदना झाली की म्हातारी माणसे पेपर वाचतात. मग बालवाडीची पोरे येतात. दुपारी महिला मंडळाचे शिवणकाम आणि बचत गट. संध्याकाळी शाळकरी मुलांचा अभ्यास, आणि रात्री अभ्यासिका. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन.

पण खरी गोष्ट वेळापत्रकात नाही. ती अशी, की वेगवेगळ्या वयाची माणसे एकमेकांच्या उपयोगी पडू लागली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाईलवरूनही पाठवता येतो. म्हाताऱ्यांना ते जमत नाही, तर अभ्यासिकेतली मुले करून देतात. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली, तेव्हाही कागदपत्रे कुणाची कुठे आहेत हे याच पोरांनी शोधून दिले. उलट परीक्षेच्या दिवसांत आमचे एक निवृत्त जॉबर पहाटे चारला किटलीभर चहा घेऊन पोरांना उठवायला यायचे. त्यांना विचारले तर म्हणायचे, "चाळीस वर्षं भोंग्यानं आपल्याला उठवलं, आता आपण भोंगा." घरी एकटे होते ते. गेले, तेव्हा खांदा द्यायला अभ्यासिकेची सगळी पोरे होती. बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म म्हणजे माणसाचे माणसाशी नीट वागणे. तो आम्हाला त्या किटलीत दिसला.

ती पायरीवरची मुलगी पुढे नर्स झाली. २०२० च्या टाळेबंदीनंतर याच विहारात ती म्हाताऱ्यांचा रक्तदाब तपासायला बसत होती.

पण बंधूंनो, आपले अजून अडते. कार्यकारिणीत भगिनी किती? दोन. विहार झाडायला मात्र वीस! जयंतीच्या डीजेला वर्गणी दारात चालत येते, आणि अभ्यासिकेच्या लाइटबिलाला चार घरे फिरावे लागते. हे आम्ही रागाने बोलत नाही, आम्हीही त्यातलेच. पण पुढच्या २५ वर्षांत हे बदलले पाहिजे. या वर्षापासून आधी लाइटबिल आणि पुस्तके, उरले तर बाकीचे, एवढा एक ठराव आज करू या.

चावी आता आमच्या खिळ्याला नाही. अभ्यासिकेतली मुले-मुली आळीपाळीने सांभाळतात. आम्ही एवढेच सांगतो: बाळांनो, कुलूप रात्रीपुरते लावा, आणि आत कुणी वाचत असेल तर तेही लावू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!