आसीरगड कसा पडला? दोन साक्षी आणि एक न लिहिलेलं पान

सावद्याहून बोलतेय. कानात इयरफोन असतील तर आवाज जरा वाढवा, कारण आज लढाई आहे.

'३००' हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिला असेल. इ.स.पू. ४८०, थर्मोपिलीची खिंड, समोर इराणची अफाट फौज आणि इकडे तीनशे स्पार्टन. पण हेरोडोटस सांगतो, शेवटच्या दिवशी थेस्पिया नावाच्या छोट्या नगराचे ७०० जणही तिथेच थांबले. निघून जायची मोकळीक होती, तरी थांबले. आज तीनशे सगळ्यांना पाठ आहेत, सातशे कुणालाच आठवत नाहीत.

ऐतिहासिक कादंबरी असो की सिनेमा, पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुणाला बोलू दिलं आणि कुणाला गप्प बसवलं?

थर्मोपिली म्हणजे ग्रीसचं दार. असंच एक दार आपल्या खान्देशालाही आहे. सावद्याहून गाडीत बसा, रावेर मागे टाका, बऱ्हाणपूरला उतरा. तिथून उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर आसीरगड. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जायची, म्हणून तो 'दख्खनचा दरवाजा'. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी होती.

आता गोष्ट ऐका. १५९७ साली गोदावरीकाठच्या लढाईत खान्देशचा सुलतान राजा अली खान मुघलांच्या बाजूने लढला. लढाईच्या गोंधळात तो दिसेना. मुघलांना वाटलं, हा फितूर झाला. त्यांनी त्याचीच छावणी लुटली. नंतर रणांगणात त्याचं प्रेत सापडलं. तो त्यांच्यासाठीच लढताना मेला होता!

त्याचा मुलगा बहादूर गादीवर आला. आता सांगा, हा मुलगा अकबरापुढे मान तुकवेल? नाहीच तुकवली. १६०० साली अकबर स्वतः बऱ्हाणपुरात आला, बहादूर आसीरगडावर गेला, वेढा पडला. कित्येक महिने गड हलला नाही. जानेवारी १६०१ मध्ये पडला.

कसा पडला? इथे दोन साक्षी आहेत. अबुल फजल म्हणजे अकबराचा माणूस, या मोहिमेत स्वतः होता. त्याच्या लेखी गडावर रोगराई पसरली आणि शेवटी शरणागती आली. दुसरी साक्ष अकबराच्या सोबत असलेल्या जेझुइट पाद्र्यांची. ते म्हणतात, अकबराने शपथ घेऊन बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावलं आणि परत जाऊच दिलं नाही. तरी गडावरचा म्हातारा हबशी किल्लेदार दार उघडेना. त्याच्या मुलाला निरोप घेऊन पाठवलं, पुढे त्या मुलाचा जीव घेतला. किल्लेदाराने स्वतःचं आयुष्य संपवलं, आणि उरलेल्यांना सोन्या-चांदीने फोडलं.

खरं कोणाचं? इतिहासकार यावर आजही भांडतात. बहादूरचं पुढे काय झालं हे मात्र स्पष्ट आहे: त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं. शहाजादा दानियालच्या नावावरून खान्देशाला 'दानदेश' म्हणू लागले. ते नाव टिकलं नाही, आपण खान्देशीच राहिलो.

आता कादंबरीकाराचं काम बघा. त्याला दोन्ही बाजूंनी लिहून चालत नाही. शपथ मोडली की नाही, हे त्याला एका पानावर ठरवावंच लागतं. आणि त्या हबशी किल्लेदाराने मुलाला पाहून काय म्हटलं, ते कुठल्याच कागदात शब्दशः मिळणार नाही. ते त्याने रचायचंच आहे. यात पाप काही नाही.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसनेही हेच केलं. भाषणं शब्दशः आठवत नाहीत, म्हणून त्या प्रसंगी जे बोलणं साजेल ते मी लिहिलं, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. रचलं, पण लपवलं नाही. आपली गडबड पुढे होते. कादंबरीतला संवाद रीलमध्ये येतो, रील ग्रुपवर फिरते, आणि चार दिवसांत तो 'इतिहास' होतो. मग त्यावरून पोरं एकमेकांची डोकी फोडायला निघतात.

म्हणून कादंबरी मनसोक्त वाचा, रडा, रात्र जागवा. पण पुस्तक मिटल्यावर एवढं विचारा: हा प्रसंग मूळ कोणी सांगितला, आणि तो कोणाच्या पगारावर होता?

आणि तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, तर आसीरगडाचं ते पान लिहा. किल्लेदाराच्या बाजूने लिहा. मी इथे वाचून दाखवेन.

भेटू पुढच्या भागात. येतो म्हणा!