वर्तुळाकार जलकुंभाची भिंत

पंचगंगेच्या काठी वसलेल्या आणि यंत्रमागांवर जगणाऱ्या इचलकरंजीत पाण्याची साठवण हा नित्य निकडीचा विषय असल्यामुळे, काँक्रीटच्या वर्तुळाकार टाकीची भिंत पाण्याचा भार कशी पेलते, हे जाणणे अगत्याचे आहे. समजा, टाकीचा व्यास 12 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर आहे. भिंत तळाशी मोकळेपणाने सरकू शकत असती, तर तेथे दर मीटर उंचीमागे सुमारे 24 टनांचे वलयी ताणबल, म्हणजे भिंतीला परिघाच्या दिशेने ताणणारे बल, निर्माण झाले असते. परंतु भिंत पायाशी जखडलेली असेल, तर हे बल तेथे जवळजवळ लोपते, पाण्याच्या पृष्ठभागापासून खोलीच्या साधारण 60 टक्के अंतरावर ते कमाल होते, तेही सुमारे निम्मेच, आणि पायथ्याशी भिंतीला वाकवू पाहणारा बेंडिंग मोमेंट उद्भवतो. स्टाडसारखी संगणकप्रणाली भिंतीचे लहान तुकडे कल्पून हे गणित क्षणार्धात मांडते. तथापि तिने दिलेले वलयी दिशेचे प्रतिबल भिंतीच्या जाडीने गुणल्यावाचून बल मिळत नाही, आणि तुकड्यांचे अक्ष एकाच रीतीने लावलेले नसतील, तर आडव्या-उभ्या आकड्यांची सरमिसळ होते. म्हणून नकाशा मंजुरीस धाडण्यापूर्वी, भारतीय मानक 3370 च्या चौथ्या भागातील कोष्टकांशी हा हिशेब ताडून पाहण्याची तजवीज तरुण अभियंत्यांनी अवश्य करावी, ही कळकळीची विनंती.