तलाव वाचवायचा तो नाल्याच्या तोंडाशी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मी शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ, पुलिया आणि गटारे सांभाळणारा माणूस आहे. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि येताना काय घेऊन येते, हे बघणे माझे रोजचे काम. म्हणून आज आपल्या भोपाळच्या बड्या तलावाबद्दल आणि त्यात उतरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पदार्थाबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव फॉस्फरस.

अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर बांध घालून हा तलाव केला, असे परंपरा सांगते. २००२ साली भोज वेटलँडचा समावेश रामसर यादीत झाला. आजही शहराच्या मोठ्या भागाला नळाने याच तलावाचे पाणी मिळते. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर असून त्यात सोयाबीन-गव्हाची शेती मोठी आहे. म्हणजे आपल्या माठातले पाणी आधी कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी अंगणातून फिरून आलेले असते.

फॉस्फरस हे काही विष नव्हे. आपल्या हाडांत, धान्यात तो आहेच. पण तलावात तो शेवाळाचे खत होतो. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने एका तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. किल्ली कोणाच्या हाती आहे, ते जगाला कळले.

आता हिशेब करू. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोपर्यंत ओले शेवाळ वाढू शकते. हजार लिटर पाण्यात ३५ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की तलाव बिघडू लागला असे ढोबळमानाने मानतात. या मापाने एका गोणीतला सगळा फॉस्फरस सुमारे २८ कोटी लिटर पाण्याला पुरतो! अर्थात सगळा वाहून जात नाही. पण पेरणी आणि पहिला जोराचा पाऊस लागोपाठ आले, तर थोडा गेला तरी पुष्कळ होतो.

शेवाळ मेले की कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळात विषही असते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात, ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे, चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही ते विष जात नाही.

मग उपाय काय? फॉस्फरस दोन रूपांत येतो. एक मातीच्या कणांना चिकटून. त्याला शेताचा बांध, नाल्याकाठचा गवताचा पट्टा, गाळ बसायला खड्डा, एवढे पुरे होते. दुसरा पाण्यात विरघळलेला. तो वाळूतून सरळ निघून जातो. त्याला अडवतो कोण? तर गंज!

आम्हा रेल्वेवाल्यांचा गंज हा जन्माचा वैरी. पण इथे तो मित्र आहे. गंजलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागाला विरघळलेला फॉस्फेट चिकटून बसतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात वाळूत वजनाने ५ ते ८ टक्के लोखंडाचा कीस मिसळून पावसाच्या पाण्यासाठी गाळणी केल्या आहेत. पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजे स्लॅग, हीसुद्धा काही ठिकाणी वापरतात. कीस मात्र तेलकट नको, नाहीतर एक काढून दुसरी घाण घातल्यासारखे होईल.

दोन पथ्ये आहेत. पहिले, दोन पावसांच्या मध्ये गाळणी निथळून कोरडी झाली पाहिजे. पाणी तुंबून प्राणवायू संपला, तर गंज धरलेला फॉस्फेट सोडून देतो. तलावाच्या तळच्या गाळातही हेच घडते. म्हणून आत गेलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे छळतो. नायट्रोजनसारखा तो हवेत उडून जात नाही.

दुसरे पथ्य देखभालीचे. रुळाखालची गिट्टी मातीने भरली की आम्ही ती काढून छानतो, नाहीतर पाणी निथळत नाही आणि रूळ बसतो. गाळणीचेही तसेच. वरचा गाळ काढायचा, लोखंडाची धारणशक्ती संपली की भरण बदलायचे. बांधून फीत कापली आणि विसरलो, तर पैसा मातीत गेला समजा. शिवाय मुसळधार पावसाचा सगळा लोंढा गाळणीतून जाणार नाही. जास्तीच्या पाण्याला वेगळी वाट ठेवावीच लागते. म्हणून मोठ्या नदीवर नव्हे, तर लहान नाल्यांवर आणि कॉलनीच्या गटारांवर, गाळाच्या खड्ड्यानंतर तिची जागा.

विसर्जनाबद्दल आपण दरवर्षी बोलतो, बोललेच पाहिजे. निर्माल्य पाण्यात कुजले की त्यातला फॉस्फरसही पाण्यातच राहतो. त्याचे खत करून कुंड्यांना घालावे. पण विसर्जन काही दिवसांचे, नाले मात्र पावसाळाभर वाहतात.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. ज्यांची शेती आहे त्यांनी माती तपासूनच डीएपी घ्यावे आणि ते वर न फेकता बियाण्याजवळ जमिनीत पेरावे. गृहिणींनी फॉस्फेट नसलेली धुण्याची पावडर बघून घ्यावी. आणि आपल्या तरुण सभासदांनी कॉलनीच्या एखाद्या गटारावर गाळाचा खड्डा व छोटी गाळणी करून पाहावी, पण ती दर पावसाळ्याआधी साफ करण्याची पाळी आधी लावून मगच. मोजमापाला आणि आखणीला मी हजर आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी बांधलेले पाणी आपण पितो आहोत. ते पुढच्यांच्या हाती पिण्याजोगे देणे आपले काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!