बौद्ध राजधर्म आणि आर्थिक विषमता



दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आली आहे. चक्रवर्ती राजाची म्हणून जी कर्तव्ये त्याच्या कुळात चालत आली होती, त्यांत राज्यातील निर्धनांना धन पुरविणे हे एक होते. या राजाने आरंभी आपल्याच मताने कारभार केला आणि प्रजेची भरभराट खुंटली. अमात्यांनी त्याला कुळाची कर्तव्ये समजावून सांगितली. ती ऐकून त्याने रक्षणाची व्यवस्था चोख केली. निर्धनांना धन देण्याचे मात्र तेवढे राहून गेले.

दारिद्र्य वाढले आणि राज्यात पहिली चोरी झाली. चोराला राजापुढे उभे करण्यात आले. उपजीविकेचे साधन नाही, असे त्याने सांगताच राजाला दया आली आणि त्याने त्याला धन दिले. दुसऱ्या चोरालाही दिले. चोरी केली की राजा धन देतो, ही वार्ता पसरली आणि चोऱ्या वाढल्या. तेव्हा राजाने धोरण बदलले. पुढच्या चोराचे मुंडण करून, वाजतगाजत धिंड काढून, नगराच्या दक्षिणेस त्याचा शिरच्छेद करण्यात आला. ते पाहून लोकांनी तीक्ष्ण शस्त्रे घडविली आणि गावे व वाटा लुटण्यास आरंभ केला. हिंसेपाठोपाठ असत्य आले आणि ८० हजार वर्षांचे मनुष्याचे आयुष्य घटत घटत १० वर्षांवर आले.

आयुर्मानाचे आकडे अर्थात कथेतले आहेत. पण कारणांची जी साखळी येथे गुंफलेली आहे ती विचार करण्यासारखी आहे. तिचा पहिला दुवा चोराची दुष्ट वासना हा नसून राज्यकर्त्याकडून राहून गेलेले एक काम हा आहे. ते वेळेवर न झाल्यामुळे नंतरची दयाही निष्फळ ठरली आणि दंडही. तक्रार घेऊन दारात आला त्याला काही द्यावे आणि जो आला नाही त्याला विसरावे, ही रीत आजच्या कारभारालाही अपरिचित आहे असे म्हणवत नाही.

मग करावयाचे काय? याचे उत्तर त्याच निकायातील कूटदंत सुत्तात आहे. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याच्या पुरोहिताने त्याला थांबविले. राज्यात लूटमार चालू असताना नवा कर बसविणे अयोग्य होईल. वध, बंधन, दंड यांनीही उपद्रव शमणार नाही, कारण जे वाचतील ते पुन्हा त्रास देतील, असे त्याने सांगितले. त्याऐवजी शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, राजसेवकाला अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामात गुंतले, कोषात भर पडली आणि माणसे घराची दारे उघडी टाकून, लेकरांना खेळवीत राहू लागली. ज्याला जे साधन हवे तेच त्याला, अशी ही योजना आहे. राजसेवकाच्या वेतनाची आठवण ठेवणारा पुरोहित व्यवहार जाणणारा असला पाहिजे!

नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंसाठी दिलेले ३,००० कार्षापण त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. भिक्षूंना व्याज मिळे आणि विणकरांच्या हाती भांडवल राही.

तथापि या कथांची एक मर्यादा आहे. त्यांत देणारा राजा असतो आणि त्याने दिले नाही तर निर्धनाजवळ मागण्याचा हक्क नसतो. हा हक्क आधुनिक काळाने दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू देता येणार नाही, असा इशारा दिला होता. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माचा स्वीकार केला.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाचा कठोर अनुभव घेतला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. हा कायदा सुत्ते वाचून झाला असे मुळीच नाही, वि. स. पागे यांच्या चिंतनातून आणि दुष्काळाच्या धड्यांतून तो आला. पण त्यात काम मागणे हा ग्रामीण प्रौढाचा हक्क ठरला आणि शहरातील पगारदारांच्या व्यवसाय कराचा पैसा खेड्यातील कामांवर खर्च होऊ लागला. स्त्रीपुरुषांना समान मजुरी हेही त्याचे एक तत्त्व होते.

कायदा झाला तरी ‘राहून गेले’ हे शब्द कारभारातून जात नाहीत. मागणीचा अर्ज घेतला पण पोच दिली नाही. हजेरीपट भरला पण तो वर पाठविण्यास विलंब झाला. मजुरी मंजूर झाली पण हाती पडेपर्यंत मजुराने सावकाराचे दार गाठले. यांत कोणी अपहार केला असे नाही. सुत्तातील राजाने तरी कोठे केला होता? अशोकाने आपल्या सहाव्या शिलालेखात, आपण भोजनास बसलो असलो किंवा अंतःपुरात असलो तरी प्रजेचे काम तत्काळ कळवावे, असे प्रतिवेदकांना सांगितले होते. ग्रामसभेत कामे वाचून दाखविताना, मागणी कोणत्या तारखेस आली आणि मजुरी कोणत्या तारखेस हाती पडली, या दोन तारखाही नावानिशी वाचावयास सरपंच आणि ग्रामसेवकांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.