जमेच्या बाजूचे नाव

(भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'निवडणूक निधी : काल आणि आज' असा छापला आहे. तो व्यवस्थापक मंडळींच्या औदार्याला शोभेल इतका विस्तीर्ण आहे. परंतु त्या सर्व विस्तारातून मला एकाच गोष्टीविषयी मनापासून बोलावयाचे आहे, आणि ती म्हणजे एका पक्षाच्या पुढाऱ्याने दुसऱ्या, किंबहुना उघड प्रतिस्पर्धी असलेल्या, पक्षाच्या उमेदवाराला केलेले साहाय्य. असे साहाय्य करण्यात मला स्वतःला काही गैर दिसत नाही. मात्र ते कोणी केले हे मतदान होण्याच्या आत मतदाराला कळलेच पाहिजे, या मताचा मी पुष्कळ वर्षांपासून आहे आणि आजही तेच मत घेऊन येथे उभा आहे.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. 1980 च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने स्वतःचे उमेदवार उभे न करता काँग्रेसला पाठिंबा दिला. बाळासाहेब ठाकरे आणि बॅरिस्टर अंतुले यांचा स्नेह तेव्हा सर्वश्रुत होता. 2006 साली सुप्रिया सुळे प्रथम राज्यसभेवर गेल्या, तेव्हा शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही आणि निवड बिनविरोध झाली. पुढच्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा मित्रपक्षांचा कल भैरोंसिंह शेखावत यांच्याकडे असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. या तिन्ही प्रसंगी कोणी आनंद मानला असेल, कोणी संतापही केला असेल. परंतु जे झाले ते चारचौघांत झाले, देणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव वृत्तपत्रांतून छापले गेले, आणि ज्याला ते रुचले नाही त्याला पुढच्या निवडणुकीत तसे सांगण्याची सोय राहिली.

अडचण उत्पन्न होते ती पाठिंब्याऐवजी पैसा दिला जातो तेव्हा.

येथे मला थोडे मागे जाऊ द्या. 1957 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचा एक अर्ज आला. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करून हवी होती आणि एका भागधारकाने तिला हरकत घेतली होती. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी कायद्याच्या चौकटीत राहून परवानगी दिली खरी, परंतु देताना संसदेला उद्देशून इशारा दिला की, हा प्रकार वाढत गेला तर तो लोकशाहीचाच गळा आवळील. आणि याच टाटांच्या घराण्याची दुसरी हकीकत मला त्याहून मोलाची वाटते. 1959 साली राजाजी, मिनू मसानी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष स्थापन केला. काँग्रेसला देणग्या देत आलेल्या जे. आर. डी. टाटांना वाटू लागले की, देशात एखादा समर्थ विरोधी पक्ष असावा. म्हणून 1961 मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्षालाही आर्थिक साहाय्य करण्याचे ठरविले. येथवर हकीकत सामान्य आहे. पण त्यांनी पुढे काय केले? त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना स्वतः पत्र लिहून, आपण असे करीत आहोत आणि का करीत आहोत, हे कळविले. आणि नेहरूंनी उत्तर पाठविले की, स्वतंत्र पक्ष हा तुम्हाला अभिप्रेत असलेला विरोधी पक्ष होईल असे मला वाटत नाही, परंतु त्याला मदत करण्यास आपण सर्वस्वी मोकळे आहात. विचार करा, ज्याच्या हाती देशाचे परवाने होते त्या सत्ताधीशाला देणगीदार लिहून सांगतो की मी तुमच्या प्रतिस्पर्ध्याला पैसे देणार, आणि सत्ताधीश म्हणतो, अवश्य द्या. 1962 मध्ये स्वतंत्र पक्षाचे अठरा खासदार निवडून आले. त्यांचे अर्थकारण मला मान्य नाही. तरीही त्या पत्रव्यवहाराइतका स्वच्छ निवडणूक-व्यवहार मला आपल्या सार्वजनिक जीवनात फारसा आढळलेला नाही, आणि तो ज्या दोन माणसांनी केला त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊकच आहे. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली, 2017 च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोखे निघाले आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते रद्द ठरविले. त्यानंतर याद्या बाहेर आल्या आणि एकाच देणगीदाराने परस्परविरोधी पक्षांच्या झोळीत दान टाकल्याची उदाहरणे सर्वांनी वाचली. त्यावर मी वेळ घालवीत नाही, कारण तो पक्षांचा हिशेब झाला. मी उमेदवाराच्या हिशेबाकडे येतो.

आपल्या शेजारच्या रायगडचे उदाहरण घ्या. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा 2,110 मतांनी पराभव केला. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याला 9,849 मते पडली. आता त्या अपक्षाला कोणी उभे केले, की तो आपल्याच हौसेने उभा राहिला, याविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. निवडणूक लढविण्याचा अधिकार त्याला राज्यघटनेने दिलेला आहे. माझा प्रश्न कायद्याला आहे. लोकसभेच्या उमेदवाराला 25,000 रुपये अनामत भरावी लागते आणि एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. अर्ज भरताना उमेदवाराला शपथपत्रात आपली जमीन, सोने, कर्ज, पत्नीचे दागिने, अंगावरचे खटले, सगळे लिहावे लागते. परंतु ही निवडणूक मी कोणाच्या पैशावर लढवीत आहे, एवढा एकच प्रश्न त्या शपथपत्रात नाही! रायगडच्या मतदाराला तो प्रश्न विचारता आला असता आणि उत्तर आधी मिळाले असते, तर ती 9,849 मते तेथेच पडली असती की अन्यत्र, हे त्याने डोळे उघडे ठेवून ठरविले असते.

(सभागृहातून आवाज : 'भिवंडीचे बोला!' हशा.)

भिवंडीचेही बोलतो. 2017 मध्ये आपल्या महानगरपालिकेच्या नव्वदपैकी सत्तेचाळीस जागा काँग्रेसने जिंकल्या आणि कोणार्क विकास आघाडीने चार. डिसेंबर 2019 मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली तेव्हा कोणार्कच्या प्रतिभा पाटील यांना एकोणपन्नास मते पडली, काँग्रेसच्या रिषिका राका यांना एकेचाळीस. काँग्रेसच्या अठरा नगरसेवकांनी आपल्या पक्षाविरुद्ध मतदान केले होते.

(आवाज : 'का केले ते सांगा!' पुन्हा हशा, काही वेळ गलका.)

शांत व्हा, मंडळी. मी कोणावर आरोप करावयास आलेलो नाही. त्या नगरसेवकांना आपल्या पक्षाचा उमेदवार नापसंत असू शकतो, शहराच्या विकासाची त्यांची कल्पना वेगळी असू शकते, आणि पक्षांतराचा न्याय करावयास 1986 चा अधिनियम आहे. मी कोणत्या पक्षाचा, असे विचारणारी एक चिठ्ठीही आताच माझ्या हाती आली आहे. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही, कधी नव्हतो, आणि आज येथे बोललो ते उद्या कोणत्याही पक्षाच्या कचेरीत बोलावयास सिद्ध आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, चार जणांची आघाडी नव्वदांच्या सभागृहात महापौर देऊ शकते, अशा शहरात तिसऱ्या पक्षाचे मोल फार मोठे असते, आणि ज्याचे मोल मोठे त्याच्याभोवती देणारे जमतात. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात तर मतदार स्वतः नगरसेवकच, आणि तेथील उमेदवाराला खर्चाची कमाल मर्यादासुद्धा नाही.

या शहरात सुताचा व्यापार करणारे अनेक जण समोर बसलेले आहेत. तुमच्या रोजमेळात रक्कम जमा आहे आणि कोणाकडून आली ते नाव नाही, अशी एक तरी ओळ तुमचा मुनीम चालू देईल काय?

उमेदवाराच्या हिशेबाचाही रोजमेळ असतो. निवडणूक आयोग प्रत्येक उमेदवाराला एक नोंदवही देतो. तिची पांढरी पाने दररोजच्या खर्चाची, गुलाबी पाने रोखीची, पिवळी पाने बँकेची. दहा हजारांवरची देणगी रोखीने घेता येत नाही. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकापुढे ही वही तीनदा तपासली जाते, आणि तिची प्रत पानास एक रुपया भरून कोणाही नागरिकाला मागता येते. एक रुपया! किती जणांनी मागितली? (शांतता.) संपूर्ण हिशेब मात्र निकालानंतर तीस दिवसांत सादर करावयाचा असतो, म्हणजे गुलाल धुवून गेल्यावर.

उमेदवाराच्या संमतीवाचून दुसऱ्याने त्याच्यासाठी खर्च केला, तर तो अपराध आहे. 1920 साली भारतीय दंडसंहितेत घातलेल्या 171 ह या कलमाने त्याला पाचशे रुपये दंड ठेवला होता. नव्या न्याय संहितेत तो दहा हजार झाला. परंतु दहा रुपयांपर्यंतचा खर्च करून दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविली तर सूट, ही 1920 ची दहा रुपयांची तरतूद आजही जशीच्या तशी आहे. शंभर वर्षांत या कलमाकडे कोणी गंभीरपणे पाहिलेच नाही, याहून अधिक पुरावा...

(घंटा.)

अध्यक्ष महाराज, मला पाच मिनिटे अधिक द्यावीत. पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरणाऱ्या 1974 च्या कंवरलाल गुप्ता खटल्याच्या निकालाविषयी आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत निघालेल्या वटहुकुमाविषयी मी सविस्तर बोलणार होतो, ते आता सोडून देतो. एका आक्षेपाचे उत्तर मात्र देतो, कारण तो प्रामाणिक आहे. म्हणतात, देणाऱ्याचे नाव फलकावर लावले तर निवडून आलेला विरोधक त्याचा छळ करील, त्याच्या कारखान्याची वीज तोडील, त्याचे अतिक्रमण नेमके त्याच आठवड्यात दिसू लागेल. ही भीती खोटी नाही. यंत्रमागवाल्याला ती माझ्यापेक्षा अधिक कळते. निवडणूक रोख्यांच्या खटल्यात सरकारनेही हीच भीती पुढे केली होती आणि न्यायालयाने मतदाराच्या जाणून घेण्याच्या अधिकाराला अधिक वजन दिले. माझे स्वतःचे मत असे की, सूड घेणाऱ्याला रोखण्याची जबाबदारी कायद्याची आहे, आणि ती त्याने पार पाडली नाही म्हणून मतदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येणार नाही. शिवाय ज्याला सूड घ्यावयाचा असतो त्याला नाव बहुधा आधीच कळलेले असते. अंधारात राहतो तो केवळ मतदार. लहान देणगीदाराला काही रकमेपर्यंत सूट द्या, त्याला माझी हरकत नाही.

माझी दरखास्त अशी. महानगरपालिका निवडणुकीत उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे यांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावण्याची तजवीज राज्य निवडणूक आयोगाने केलेली आहे. त्याच फलकावर, मतदानापूर्वी दोन दिवस, जमेच्या बाजूची नावे आणि रकमा लावाव्यात. त्यासाठी नवी वही नको, नवा अधिकारी नको. नोंदवही आहे, तपासणी आहे, फलकही आहे. त्या अर्थाचे निवेदन मी लिहून आणले आहे आणि ते प्रवेशद्वाराशी मेजावर ठेवले आहे. ज्यांना पटले असेल त्यांनी सही करावी. आणि ज्यांना पटले नसेल त्यांनीही पुढील निवडणुकीत एका तरी उमेदवाराची, हवी तर माझ्या मताच्या विरुद्ध बाजूच्या उमेदवाराची, नोंदवही मागून पाहावी. अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावयाचा असतो आणि पानास एक रुपयाप्रमाणे पैसे तेथेच भरावयाचे असतात.