हलगी शेकण्याआधी

(चंदगड येथे शनिवार-रविवारच्या लोकनृत्यांसाठी जमलेल्या तरुणांपुढे शुक्रवारी रात्री केलेले भाषण)



मी भाषणवाला नाही. मुंबईच्या गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय. रात्री जाग राहिली तर कविता लिहितो.

संध्याकाळी इथं उतरलो, तयारी जोरात दिसली. लेझमीच्या साखळ्या पुसून ठेवल्यात. धनगरवाड्यातली पोरं गजनृत्याचे रंगीत रुमाल मोजतायत. आणि कोपऱ्यात हलगी, घुमकं, कैताळ नुसतंच पडलंय. मी विचारलं, हलगी कोण वाजवणार? एकजण म्हणाला, 'त्याला माणसं सांगितल्यात.'

कुठली माणसं, ते तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. मला ती गल्ली माहीत आहे. माझा जन्म तिथलाच.

माझा आज्जा हलगी वाजवायचा. दवंडीला, जत्रेला, लग्नाला, मयताला. वाजवायचा सगळ्यांसाठी, उभा राहायचा सगळ्यांच्या बाहेर. वाजवणं झालं की भाकरी वरून टाकली जायची. ह्याला कला म्हणायचं? ही तर वेठ होती. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. पण वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. मधली तीस वर्षं आज्जासारख्यांनी खांद्यावर वाहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरला हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला. आज्जा म्हणायचा, 'सरकारनं तालुक्याचा जिल्हा बदलला, बाबानं आमचा जल्म बदलला.' त्या साली त्यानं हलगी चुलीत घातली. गावानं काम बंद केलं, पीठ बंद केलं. आज्जा उपाशी राहिला. हलगी परत घेतली नाही.

मग मी आज तुम्हाला काय सांगू? हलगी फेकून द्या? आज्जाचं फेकणं शंभर टक्के बरोबर होतं. पण मांगवाड्यातल्या भावांची चूल आजही हलगीवर पेटते. त्यांना 'टाक ती' म्हणणाऱ्यानं आधी दुसरी रोजी दाखवावी. आणि एक सांगतो. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत हलगी कडाडली की गोदीत मोडलेली माझी पाठ ताठ होते. चामड्याचा काही गुन्हा नाही. गुन्हा आहे तो 'तूच वाजव आणि बाहेर उभा राहा' म्हणणाऱ्यांचा.

१९८२ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये लेझीम नाचली, साऱ्या देशानं टाळ्या वाजवल्या. लेझमीला टाळ्या मिळाल्या. तिला ठेका देणाऱ्याचं नाव कुणी विचारतं का?

म्हणून उद्याच्या तयारीत माझी तीन कामं धरा. एक, वाजवणारा मांडवाच्या कडेला नाही, रिंगणाच्या मधोमध उभा राहील. दोन, माईकवर नाचणाऱ्यांची नावं घेतली तर त्याचंही नाव घ्यायचं, पूर्ण, आडनावासकट. बिदागी पाकिटात आणि हातात द्यायची, जेवण एकाच पंगतीला. तीन, सगळ्यात महत्त्वाचं. आज रात्री इथल्या प्रत्येकानं हलगी हातात घ्यायची. पाटलाच्या पोरानं, वाण्याच्या पोरानं, पोरींनीसुद्धा. उजव्या हातात आखूड जाड काठी, डाव्या हातात लांब बारीक काडी. बोटं सोलली तर सोलू द्या. ज्याला हात लावायला लाज वाटेल त्यानं उद्या लेझीमही धरू नये. त्याच्या पायाला आमचा ठेका मिळणार नाही.

सांगितलेली माणसं सकाळी येतील. त्यांना पाहुणे म्हणून घ्या. ते आपले वस्ताद आहेत, नोकर नव्हेत.

हलगी थंड असली की बद्द वाजते. जाळापुढं धरली की चामडं ताणतं, मग ती बोलते. ज्या चुलीत आज्जानं हलगी जाळली, त्याच आगीवर मी आज ती शेकणार आहे. कुणाच्या हुकमानं नाही, माझ्या मर्जीनं.

लाकडं आणा. जाळ करा. पहिली हलगी कोण धरतो?

जय भीम!